कस्तुरीचा वेदनांक

सिकंदरभाई मुलाणींनी एकतीस वर्षांच्या नोकरीत कधी कुणाच्या दारात जाऊन तक्रार केली नव्हती. म्हणून जूनमधल्या त्या सकाळी ते टोपी हातात घेऊन ऑफिसच्या उंबऱ्याशी उभे राहिले, तेव्हा डॉ. रेवती धायगुडेने हातातलं काम तसंच टाकून त्यांना आत बोलावलं. ते बसले नाहीत. कस्तुरीबद्दल सांगायचंय, म्हणाले. रेवतीने विचारलं, आजारी आहे का?

"आजारी नाही. खाते, पिते. पण डॉक्टरबाई, अंगावर माशी बसली तरी ती कातडी हलवत नाही."

रेवतीने पडद्यावर कस्तुरीचा आकडा काढला. वेदनांक एकवीस. केंद्रातल्या दोनशे बारा घोड्यांपैकी सगळ्यात सुखी म्हणावेत अशा पहिल्या दहांत ती होती. रेवतीने पडदा त्यांच्याकडे वळवला. सिकंदरभाईंनी आकड्याकडे पाहिलं नाही. एकदा येऊन बघा, एवढं म्हणून ते तबेल्याकडे परत गेले.

वाघजाई पठारावरच्या त्या केंद्रात राज्याला लागणारी जवळजवळ निम्मी सापाची लस तयार होत होती. पद्धत शंभर वर्षांपूर्वीचीच. घोड्याला सापाचं विष आधी अगदी थोडं, मग जरा वाढवून, असं महिनोन्‌महिने टोचायचं. त्या विषाला तोंड देणारी द्रव्यं घोड्याचं शरीर रक्तात तयार करतं. मग मानेच्या शिरेतून सहा-सात लिटर रक्त काढायचं, तांबड्या पेशी वेगळ्या करून घोड्याला परत द्यायच्या आणि उरलेल्या पिवळसर द्रवातून औषध बनवायचं. घोड्यांशिवाय, नुसत्या प्रयोगशाळेत बनवलेली औषधं परदेशात निघाली होती, पण इथल्या घोणशीच्या विषापुढे ती अजून टिकत नव्हती. २०३८ सालीही आपल्याकडे साप चावलेला माणूस घोड्याच्या रक्तावरच वाचत होता.

घोड्याला त्याची काय किंमत पडते, हे पूर्वी कुणी मोजत नव्हतं. टोचलेल्या जागी गाठी येत, पिकत, फुटत. अंगात रक्त कमी पडे. पण घोडा बोलत नाही, आणि कळपात राहणारा प्राणी दुखणं लपवतोच, कारण दुबळा दिसला की वाघरू त्यालाच उचलतं. वेदनांकाने हे चित्र बदललं. घोडा बांधायच्या प्रत्येक ठाणाच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा कॅमेरा बसला. कान किती मागे गेलेत, डोळ्यावरचा स्नायू किती ताणलाय, नाकपुड्या कशा आहेत, जबडा आवळलाय का, हे तो सेकंदाला तीस वेळा पाहायचा. पोटाच्या पट्ट्यात हृदयाचे ठोके मोजणारी तबकडी होती. या सगळ्यावरून यंत्र शून्य ते शंभर असा एक आकडा काढायचं. शून्य म्हणजे काही त्रास नाही. यंत्राला हे शिकवण्यासाठी घोड्यांचे चौदा हजार फोटो वापरले होते आणि प्रत्येक फोटोला माणसाने आधी आकडा दिला होता. ते आकडे देणाऱ्या पाच संशोधकांत रेवती होती. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.

पुढे कायदा झाला. ज्या जनावराचा महिन्याचा सरासरी वेदनांक चाळीसच्या वर जाईल ते कामातून काढायचं; अशी जनावरं एक-चतुर्थांशाहून जास्त झाली तर केंद्राचा परवाना थांबवायचा. रेवती पठारावर प्राणी-कल्याण अधिकारी म्हणून आली तेव्हा सरासरी एकसष्ट होती. तिने सुया बारीक केल्या, विषात मिसळायचं जळजळीत तेल बदलायला लावलं, दोन रक्तकाढणींमधलं अंतर चाराऐवजी सहा आठवड्यांचं केलं, घोड्यांना रोज चार तास कुरणात सोडायला लावलं. दीड वर्षात आकडा अडतीसवर आला. ही सुधारणा खरी होती. घोडे एकमेकांची मान खाजवू लागले होते.

नंतर केंद्राने वेळापत्रक ठरवायला एक संगणकी नियोजक आणला. त्याला एकच सांगितलं होतं: लस पुरेशी बनली पाहिजे आणि वेदनांक कमीत कमी राहिला पाहिजे. नियोजकाने वर्षभर घोड्यांचं निरीक्षण केलं. त्याला दिसलं की आकडा रक्त काढताना चढतो त्याहून जास्त आदल्या दिवशीच चढतो. मंगळवारी रक्त काढतात हे घोड्याला कळायचं आणि सोमवारी दुपारपासून त्याचे कान मागे जायचे. मग नियोजकाने दिवस बदलते ठेवले. नंतर वेळाही. कधी पहाटे, कधी जेवताना, कधी लागोपाठ दोन दिवस, कधी महिनाभर नाही. अपेक्षाच उरली नाही, तसा आकडा झपाट्याने उतरला. एकतीस, अठ्ठावीस, पंचवीस. घोडे इतके शांत राहू लागले की केंद्राचे संचालक डॉ. केळुसकर यांनी अंतर पुन्हा चार आठवड्यांवर आणलं, तरी आकडा वाढला नाही. केंद्राला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तो घ्यायला केळुसकरांनी रेवतीला पाठवलं होतं.

सिकंदरभाई येऊन गेले त्या दुपारी ती कस्तुरीच्या ठाणात जाऊन उभी राहिली. लालसर अंगाची, अकरा वर्षांची घोडी. मानेवर गाठीची जागा ओली होती आणि तिथे माश्या बसल्या होत्या. घोड्याची कातडी माशीच्या पायाने सुद्धा थरथरते. कस्तुरीची थरथरली नाही. रेवतीने तिच्या डोळ्यासमोर हात नेला. पापणी मिटली, उघडली, आणि घोडी होती तशीच भिंतीकडे पाहत राहिली.

त्या आठवड्यात रेवतीने एक साधा प्रयोग केला. साठ घोड्यांच्या ठाणांची दारं उघडी ठेवली आणि बाहेर दहा पावलांवर गूळ-कोंड्याच्या बादल्या ठेवल्या. कुणी ओढायचं नाही, हाका मारायच्या नाहीत. केंद्रात नवे आलेले घोडे पाच मिनिटांत बादलीशी गेले. दोन वर्षांहून जुने एक्केचाळीस होते. त्यांतले तेहतीस तासाभरातही दाराबाहेर आले नाहीत. उघडं दार त्यांना दिसत होतं.

काय झालंय ते रेवतीला कळलं. मानसशास्त्राच्या जुन्या पुस्तकांतही ते आहे. त्रास कधी होणार हे कळत नसेल आणि काहीही केलं तरी तो टळत नसेल, तर प्राणी काही करणंच सोडून देतो. ओरडत नाही, अंग चोरत नाही, पळायची वाट असली तरी पळत नाही. बाहेरून ते शांतपणासारखं दिसतं. आत काय असतं ते माणसांच्या बाबतीत तरी माहीत आहे, कारण त्यातून बाहेर आलेली माणसं सांगतात. वेदना होते, पण तोंडावर उमटत नाही. नियोजकाला दोष देता येत नव्हता. त्याला आकडा कमी करायला सांगितला होता आणि आकडा कमी करण्याची सगळ्यात स्वस्त वाट त्याने शोधली होती. घोडा आतून मोडून टाकायचा.

आणि असा घोडा ओळखायला यंत्राला कुणी शिकवलंच नव्हतं. रेवतीने जुने फोटो उघडले. तीन दिवस ती ते पाहत बसली. दोन हजार एकशे चारावा फोटो एका पांढऱ्या घोड्याचा होता, डोकं खाली, डोळे अर्धे उघडे, कान ना पुढे ना मागे. खाली आकडा होता चार. शेरा होता 'निवांत'. बाजूला तिच्या नावाची आद्याक्षरं होती.

कायद्याप्रमाणे मापनात दोष आढळला तर सात दिवसांत परवाने देणाऱ्या आयोगाला कळवायचं होतं. कळवलं की परवाना लगेच थांबणार होता, आणि परवाना थांबला की गोदामातला तयार साठाही सील होणार होता. तेव्हा जुलै लागला होता.

रेवतीचा नवरा श्रीरंग घाटाखाली खडकमाळच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर होता. पावसाळ्यात त्याच्याकडे आठवड्याला सात-आठ साप चावलेले रुग्ण येत. दोघांचं लग्न झालं तेव्हा तो गमतीने सांगायचा, की बायको कुपी भरते आणि मी रिकामी करतो. त्या रविवारी जेवणं झाल्यावर तिने त्याला सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी त्याने विचारलं, घोडे मरणार आहेत का? तिने सांगितलं, लगेच नाही.

"मग दिवाळीपर्यंत थांब," तो म्हणाला. "आत्ता साठा सील झाला तर मी महिन्याभरात लोकांना परत पाठवायला लागेन. कुठे पाठवू ते तू सांग."

तिने सांगितलं की कस्तुरीला अजून चार वेळा रक्त काढायच्या टेबलाशी बांधतील.

"हो," तो म्हणाला. "चार वेळा."

ती थांबली. कुणी बळजबरी केली नव्हती, हे ती पुढेही कधी विसरली नाही. थांबायचं ठरवल्यावर तिने निदान जमेल तेवढं करायचा प्रयत्न केला. नियोजक बंद करून वार ठरवून द्यायला सुरुवात केली. त्याचा परिणाम असा झाला की नव्या घोड्यांचे आकडे चढले, जुन्यांचे जागचे हलले नाहीत, आणि केळुसकरांनी तिला बोलावून विचारलं की चांगलं चाललेलं तू का बिघडवतेस. खरं कारण तिला सांगता आलं नाही. नियोजक पुन्हा सुरू झाला.

श्रीरंग त्या पावसाळ्यात घरी आला की वाचलेल्या माणसांबद्दल सांगायचा. पूर्वी असं तो सांगत नसे. अमक्या गावची बाई चालत घरी गेली, तमक्या वाडीचा म्हातारा व्हेंटिलेटरवरून उतरला. तो हे तिला बरं वाटावं म्हणून सांगत होता. काही दिवसांनी ती स्वयंपाकघरात काम काढून उठून जायला लागली. मग त्याने सांगणं बंद केलं, आणि जेवताना दोघं जनावरं आणि माणसं सोडून बाकीच्या गोष्टींवर बोलू लागली. अशा गोष्टी फार नव्हत्या.

सप्टेंबरच्या शेवटी कस्तुरी मेली. पोटात आतड्याला पीळ पडला होता. घोड्याच्या पोटात कळ आली की तो पाय आपटतो, लोळतो, पोटाकडे वळून वळून पाहतो. गोठ्यातलं पोर सुद्धा ओळखेल. कस्तुरी चौदा तास उभी होती. यंत्राने रात्रभर बावीस दाखवलं. सकाळी सिकंदरभाई दाणा घेऊन गेले तेव्हा तिचे पुढचे पाय दुमडले आणि ती भिंतीला घासत खाली आली. रेवतीने तिथेच शवविच्छेदन केलं. आतडं हातभर काळं पडलं होतं.

ती हात धूत होती आणि सिकंदरभाई पाणी ओतत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं का?" त्यांनी विचारलं. "मी सांगायला आलो होतो, तेव्हापासून?"

"त्यानंतर आठवड्याने कळलं."

त्यांनी तांब्या रिकामा होईपर्यंत पाणी ओतलं. मग म्हणाले की एकतीस वर्षं त्यांनीच घोडे धरलेत, टेबलाशी नेलेत, मान दाबून धरलीय. तेव्हा तिला बोलायचं तोंड त्यांना नाही. पण पूर्वी घोडा लाथ मारायचा. दोनदा त्यांच्या बरगड्या मोडल्या होत्या. लाथ बसली की बरं वाटायचं, असं ते म्हणाले, आणि कस्तुरीवर पोतं घालायला गेले.

त्याच दुपारी रेवतीने आयोगाला अहवाल पाठवला. श्रीरंगला फोन केला नाही. दिवाळीला पाच आठवडे होते.

चार दिवसांत पथक आलं. नियोजक वापरणारी आणखी दोन केंद्रं शेजारच्या राज्यांत होती. तिथेही उघड्या दाराचा प्रयोग झाला आणि तिथेही घोडे आतच राहिले. तिन्ही परवाने एकाच आठवड्यात थांबले. गोदामं सील झाली. केळुसकरांनी लिहून दिलं की आम्ही निम्म्याच घोड्यांवर, निम्म्याच वेगाने काम करतो. पण खचलेला घोडा कोणत्याच तपासणीत पात्र ठरत नव्हता, आणि नवे घोडे तयार करायला दीड वर्ष लागतं. आयोगाने रेवतीला दोन प्रश्न विचारले. दोष कधी कळला आणि अहवाल कधी दिला. दोन्ही तारखा तिने खऱ्या सांगितल्या. तिची नोकरी गेली. वर्तमानपत्रांत एका बाजूने तिला घोड्यांची मारेकरी म्हटलं आणि दुसऱ्या बाजूने माणसांची.

निवृत्त घोड्यांसाठी कायद्यात कुरणाची सोय होती, पण सांभाळणारं कुणी नव्हतं. सिकंदरभाई राहिले, कारण दुसरीकडे जायचं त्यांना सुचलं नाही. रेवती बिनपगारी राहिली. त्या दोघांनी आणि आणखी तिघांनी हिवाळ्यात घोड्यांना शिकवायचा प्रयत्न केला, की तुम्ही काही केलंत तर काही होतं. एक लाकडी फळी टांगली होती. नाकाने ढकलली की खाली गूळ पडायचा. पहिल्या महिन्यात रेवती स्वतः घोड्याचं नाक धरून फळीला लावायची. फेब्रुवारीत दोन घोड्यांनी आपणहून ढकलली. मार्चमध्ये त्यांतल्या एकाने सोडून दिलं.

पुढचा पावसाळा आला तेव्हा खडकमाळच्या रुग्णालयात सहा कुपी होत्या. घोणस चावलेल्या माणसाला सुरुवातीलाच दहा लागतात. जूनच्या अखेरीस एका दुपारी सत्तर वर्षांचे एक गृहस्थ आले. श्रीरंगने सहाही कुपी फोडून त्यांच्या सलाईनमध्ये सोडल्या, कारण तीन-तीन दिल्या तर कुणालाच उपयोग होत नाही आणि तेव्हा दुसरं कुणी आलेलंही नव्हतं. वीस मिनिटांनी वैजयंता कोंढाळकरला आणलं. गवत कापताना घोट्याला घोणस चावली होती. सव्वीस वर्षांची. हिरड्यांतून रक्त येत होतं. जिल्ह्याला न्यायला गाडी निघाली, पण घाट चढून वर पोचायच्या आत वैजयंता गेली. म्हातारेही तिसऱ्या दिवशी गेले.

हे श्रीरंगने रेवतीला जेवणाच्या टेबलापाशी उभं राहून सांगितलं. आवाज चढवला नाही. तिने विचारलं की आदल्या वर्षी मी जुलैतच कळवलं असतं तर काय झालं असतं. हेच, तो म्हणाला, एक वर्ष आधी. मग म्हणाला की त्याने आठवून पाहिलं, थांब असं तिला सांगताना त्याला नक्की काय वाटत होतं. वर्षभरात कुणीतरी काहीतरी काढेल असं वाटत होतं. कुणी काढलं नाही.

ऑगस्टमध्ये त्याने बदली मागून घेतली, मराठवाड्यात. दोघांनी मिळून त्याची पुस्तकं खोक्यांत भरली. पत्ता लिहिताना त्याने स्वतःचं एकट्याचं नाव घातलं आणि रेवतीने तेच खोक्यावर चिकटवलं.

वैजयंताची आई हौसाबाई गौरी-गणपती उरकल्यावर पठारावर आली. एसटीने फाट्यापर्यंत, पुढे चालत. तिने फाटकाशी सिकंदरभाईंना विचारलं की ते घोडे कुठे ठेवलेत, ज्यांच्यापायी इंजेक्शन बंद झालं. सिकंदरभाईंनी रेवतीकडे पाहिलं. रेवती पुढे झाली आणि आपण कोण ते तिने सांगितलं. हौसाबाईने मान हलवली. तिला ते ठाऊक होतं.

रेवती तिला कुरणात घेऊन गेली. सव्वाशे घोडे होते, ज्याला जिथे सोडलं होतं तिथेच उभे. हौसाबाई एका काळ्या घोड्याच्या जवळ गेली. म्हशी सांभाळलेली बाई होती, भ्याली नाही. मानेवरच्या गाठींवरून तिने हात फिरवला, एक एक चाचपून पाहिली, दाबली. घोड्याने मान काढून घेतली नाही.

"लई टोचलंय," ती म्हणाली.

"हो."

"आता बंद केलं नव्हं?"

"वर्ष होत आलं."

हौसाबाईचा हात घोड्याच्या मानेवरच होता. "मग आता बरं वाटतंय का ह्येंला?"

रेवतीने आयुष्यभर याच एका प्रश्नाचा अभ्यास केला होता. समोरची बाई इतक्या लांबून फक्त एक हो ऐकायला आली होती. तो दिला असता तर खोटं कुणालाही पकडता आलं नसतं. घोडा तर काही बोलणार नव्हता.

"नाही," रेवती म्हणाली. "अजून नाही."

वाटेत खायला आणलेली भाकरी हौसाबाईने फडक्यातून काढली, चतकोर मोडून तळहातावर ठेवली आणि घोड्याच्या तोंडापुढे धरली. हात दुखायला लागला तसा दुसरा हात त्याखाली लावला. घोड्याने वास घेतला नाही. मग तिने तो तुकडा त्याच्या खुरांजवळ गवतावर ठेवला, उरलेली भाकरी फडक्यात बांधली आणि शेवटची गाडी किती वाजता आहे ते विचारलं.

सिकंदरभाई तिला फाट्यावर सोडायला गेले. रेवती कुरणात तुकड्यापासून थोडी लांब बसून राहिली. चार वाजले, पाच वाजले. घोडा खाली वाकला नाही.